माल तयार नसताना गिऱ्हाईक जमवायचं कसं

जळगाव-धुळ्याकडे स्टार्टअपवरचं भाषण बहुधा अमळनेरपासून सुरू होतं. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, पुढे तिचीच विप्रो झाली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ज्याच्याकडे अजून यंत्र नाही, नुसतं वहीतलं चित्र आणि एका फॅब्रिकेटरने तोंडी सांगितलेला भाव आहे, त्याने उद्या सकाळी उठून कुठे जायचं हे त्यातून कळत नाही. हे लिखाण त्याच्यासाठी आहे. माल बाजारात यायच्या सहा-आठ महिने आधी लोकांत उत्सुकता कशी तयार करायची, ती मोजायची कशी आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढाच विषय.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू: केळीचे घड बागेतून बांधापर्यंत आणणारी बॅटरीवरची लहान गाडी. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात घड अजूनही बहुतेक माणसाच्या डोक्या-खांद्यावरून बाहेर येतो. ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या चांगल्या बागेत तो २०-२५ किलो भरतो. लागवड ५ बाय ५ किंवा ६ बाय ५ फुटांवर, मधून ठिबकच्या नळ्या, खाली काळी जमीन. अडचण सगळ्यांना माहीत आहे, गाडी मात्र अजून कुठेच नाही. पुढे जे रुपये आणि संख्या येतील त्या या कल्पित गाडीच्या आहेत. पद्धत दुसऱ्या कुठल्याही मालाला लावता येईल.

समोरच्याने स्वतःचं काय दिलं, यावरच उत्सुकता मोजावी असं माझं स्पष्ट मत आहे. नंबर दिला, एक सकाळ दिली, बागेतली एक सरी वापरायला दिली, आगाऊ पैसे दिले, अशी ही चढती भाजणी. लाईक, शेअर आणि ‘एक नंबर भाऊ’ हे हिशेबात शून्य धरायचे.

आधी तालुका ठरवा

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे एकच बाजार ही समजूत पहिल्यांदा सोडावी. केळी मुख्यतः तापीकाठच्या तालुक्यांत, धुळ्याकडे कपाशी-मका-कांदा, नंदुरबारला मिरची. बोलीही एक नाही. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडे अहिराणी चालते, रावेर-यावल-फैजपूर-सावद्याला लेवा बोली, शहाद्याकडे गुजरी, सातपुड्यात भिली आणि पावरी. अहिराणीतला विनोदी व्हिडिओ भन्नाट फिरतो, पण केळीच्या गाडीसाठी तो केला तर ज्यांच्याकडे केळीचं खोडसुद्धा नाही अशांच्या मोबाईलवर फिरत राहतो.

इंटरनेटवर फाइली साठवायची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्सचं उदाहरण इथे खरंच उपयोगाचं आहे. २००८ मध्ये त्यांनी डिग या संकेतस्थळावरच्या तंत्रज्ञ मंडळींसाठी एक छोटा व्हिडिओ केला आणि त्याच मंडळींना कळतील असे विनोद त्यात पेरले. प्रतीक्षा यादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. सर्वसामान्य लोकांच्या हातात उत्पादन तेव्हा आलेलंही नव्हतं. व्हिडिओ सगळ्या जगासाठी केला असता तर हे झालं नसतं. आपल्याकडे तो गट म्हणजे सावदा किंवा फैजपूरच्या भोवतालची दहा-बारा गावं. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्याच टापूत राहावं, कारण पहिले तीन महिने प्रत्येक माणसाला पुन्हा भेटावं लागतं.

प्रत्येक गावात कुणाला भेटायचं? दोन कृषी सेवा केंद्रवाले, वेगवेगळ्या आकाराच्या बागांचे तीन शेतकरी आणि घड वाहणाऱ्या टोळीचा मुकादम. मुकादमाला बहुतेक जण विसरतात आणि तिथेच घोडं अडतं. गाडी त्याच्या माणसांच्या रोजगारात हात घालणार आहे. त्याला चार लोकांदेखत बागेत प्रथमच कळलं, तर पहिल्या दिवशीच ‘ही चिखलात फसेल’ असं तो जाहीर करतो आणि गाव त्याचं ऐकतं, कारण चिखलात तोच चालतो. त्याच्याशी आधी एकट्याने बोलावं. तेवढ्याच माणसांत दिवसाकाठी जास्त माल निघेल का, गाडी टोळीनेच घेतली तर परवडेल का, हे त्यालाच विचारावं.

दुसरी गोष्ट, वाहतुकीची मजुरी कोण देतं, शेतकरी की व्यापारी, हे सौद्यागणिक बदलतं. ज्याच्या खिशातून ती जाते तोच तुमचा गिऱ्हाईक. बागमालकाला गाडी कितीही आवडली, पण पैसे व्यापाऱ्याचे वाचणार असतील तर बागमालकांची दोनशे नावं जमवून काही हाती लागत नाही.

गाडी नसताना काय दाखवायचं

चित्र दाखवू नका. संगणकावर काढलेलं चकचकीत चित्र पाहून लोक दोनच प्रश्न विचारतात, ‘केवढ्याला?’ आणि ‘कधी?’, आणि दोन्हींची उत्तरं तुमच्याकडे नसतात. मोबाईलवर आता असली चित्रं दोन मिनिटांत तयार होतात हे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. जिथे चित्र वापरणं भागच आहे तिथे त्यावर ठळक अक्षरांत ‘कल्पनाचित्र’ लिहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि माल अजून तयार नव्हता ही काही सबब नाही.

दाखवायचा तो सांगाडा. जेफ हॉकिन्स यांनी पाम पायलट हा खिशात मावणारा लहान संगणक बनवण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून वागवला आणि त्यावर लिहिल्यासारखं करत रोजची कामं केली. आकार खिशात मावतो का, दिवसातून किती वेळा तो बाहेर काढावासा वाटतो, हे त्यांना एकही सर्किट न जोडता कळलं. केळीच्या गाडीचा ठोकळा म्हणजे एक इंची चौकोनी पाइपची चौकट, रुंदी २८ इंच, लांबी ४ फूट, वर प्लायवूड, खाली तीन किंवा चार चाकं. मोटर नाही, बॅटरी नाही, माणसाने ढकलायची. जळगाव-भुसावळच्या कुठल्याही वेल्डरकडे ही होते. बॅटरी आणि मोटरच्या वजनाइतकी वाळूची पोती त्यावर आधीच बांधा, नाहीतर रिकामा सांगाडा लोण्यासारखा पळतो आणि खरी गाडी रुतते.

हा सांगाडा चार घड, म्हणजे ८० ते १०० किलो, लादून एकाच बागेत दोनदा चालवायचा. एकदा कोरड्यात आणि एकदा पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, वाफसा यायच्या आधी, म्हणजे जमीन ओलीच असताना. काय बिघडतं ते जवळपास ठरलेलं असतं. सायकलची अरुंद चाकं काळ्या मातीत शिरतात. रुंद चाकांना माती गोळ्यागोळ्यांनी चिकटते आणि चौकट व चाक यांच्यात चार बोटं तरी जागा नसेल तर चाक फिरायचंच थांबतं. घड पेलायला लावलेले बांबूचे टेकू आडवे येतात. ठिबकची नळी चाकाखाली आली तर निदान पुन्हा सरळ होते, पण ॲक्सलला अडकून ओढली गेली की जोडातून निघते, आणि मालकाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच मावळतं. सरीच्या टोकाला वळायला जागा नसते, तेव्हा गाडी दोन्ही बाजूंनी चालणारी हवी हेही तिथेच कळतं.

या सगळ्यापेक्षा मोठा आक्षेप मात्र वेगळाच असतो. घड एकमेकांवर किंवा प्लायवर घासले की साल काळी पडते, आणि व्यापारी काळ्या फणीचे पैसे कापतो. डोक्यावरून येणारा घड सावकाश येतो पण डागाळत नाही. म्हणून मजुरी किती वाचते हे सांगण्याआधी डाग पडत नाही हे दाखवावं लागतं. फोमचा जाड थर घाला, दोन घडांच्या मध्ये आडोसा ठेवा आणि त्याच घडांचे फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढा. डाग लगेच दिसत नाही, काही तासांनी उमटतो. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त काम करतात.

व्हिडिओ ४०-५० सेकंदांचा पुरे. सकाळी नऊच्या आत काढा, उन्हाळ्यात त्यानंतर बागेबाहेर उभं राहवत नाही आणि ऊन-सावलीच्या पट्ट्यांत कॅमेऱ्याला काही दिसत नाही. सरीत मोजपट्टी धरलेली दिसू द्या. संगीत नको, चिखलाचा आवाज राहू द्या. ‘यात अजून मोटर बसवलेली नाही’ हे वाक्य सुरुवातीलाच बोला. सांगाडा फसला असेल तर तोही तुकडा ठेवा. त्याखाली ज्या सूचना येतात त्या देणारेच पुढचे गिऱ्हाईक असतात.

एक सावधगिरी. वळण, पकड किंवा घड टेकवण्याची जागा यात तुमची खरोखर नवी कल्पना असेल तर ती व्हिडिओत दिसण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज भरा. व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आधी जाहीर दाखवून मग अर्ज केला तर ‘नवेपणा’ गेला असं धरलं जातं. प्रदर्शनात मांडल्यावरची सवलत फक्त केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, तालुक्याच्या कृषी मेळाव्याला नाही. बाह्य आकाराचं डिझाइन नोंदवायचं असेल तरी नियम तोच, आधी नोंदणी आणि मग दर्शन. नावाचा ट्रेडमार्क माल नसतानाही ‘वापरण्याचा इरादा’ म्हणून भरता येतो. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग यांना एका वर्गासाठी ऑनलाइन ४,५०० रुपये. वाहनं वर्ग १२ मध्ये येतात.

‘घेऊ ना भाऊ’

बांधावर आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. चहा मिळतो, शेव-मुरमुरे मिळतात आणि ‘घेऊ ना भाऊ, आण तू’ असं आश्वासनही मिळतं. ते खोटं नसतं, पाहुणचाराचाच भाग असतो. म्हणून ‘घ्याल का?’ हा प्रश्नच विचारू नये. जे घडून गेलं तेच विचारावं. मागच्या काढणीला घड बांधापर्यंत आणायला किती माणसं लागली? किती दिवस? पैसे कुणी दिले? पावसात काढणी अडली होती का, आणि अडली तेव्हा काय केलं? याआधी मजुरी वाचवायला कुठलं यंत्र घेतलं आणि ते आता कुठे आहे? या शेवटच्या प्रश्नाला गोठ्यामागे गंजत पडलेल्या एखाद्या यंत्राकडे बोट गेलं तर थांबा, बसा आणि सगळं ऐकून घ्या. ते का बंद पडलं हेच तुमच्या गाडीच्या रचनेचं पहिलं पान आहे.

उत्तरं त्यांच्याकडून फॉर्ममध्ये भरून घ्यायचा हट्ट नको. तुम्ही वहीत लिहा: नाव, गाव, फोन, केळी किती एकर, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), पुढची काढणी कधी. सहा रकाने. सातवा रकाना मोकळा ठेवा, त्यात समोरच्याचा मुख्य आक्षेप त्याच्याच शब्दांत लिहा. वहीची पन्नास पानं झाली की सातवा रकानाच परत परत वाचावासा वाटतो.

काढणीचा महिना लिहून घेणं फार महत्त्वाचं. ज्याची काढणी दहा महिन्यांनी आहे त्याची उत्सुकता आज पेटवून काही होत नाही. ती तेवढा काळ टिकत नाही. ज्याची काढणी पुढच्या दोन महिन्यांत आहे तो आज मजुरांच्या शोधात आहे आणि तोच सरी वापरायला देतो.

नंबर, व्हॉट्सॲप आणि एसएमएस

व्यवसायासाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ग्रुप करायचा मोह होतो, पण त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, दुसऱ्याच दिवशी कुणीतरी बियाण्याची जाहिरात टाकतो आणि पंधरा दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडी गाडली जाते. ब्रॉडकास्ट यादी बरी. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर मोबाईलमध्ये जतन केला आहे त्यालाच निरोप पोहोचतो. म्हणून नंबर घेतला की तिथेच उभं राहून तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नावासकट जतन करून द्यायचा. हे न करता दोनशे नंबर घेऊन आलेला माणूस महिनाभर निरोप पाठवत बसतो आणि ‘लोक उत्तरच देत नाहीत’ म्हणतो. ते निरोप गेलेलेच नसतात. नव्या सिमवरून अनोळखी लोकांना धडाधड निरोप पाठवले तर नंबर बंद होण्याची शक्यता असते. त्यामुळे कुणाकडून यादी विकत घेऊ नका.

एसएमएसचा खर्च लोक चुकीचा धरतात. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. काना, मात्रा, अनुस्वार यांचीही अक्षर म्हणून गणती होते. दोन ओळींचा मराठी निरोप सहज तीन एसएमएसचे पैसे घेतो. शिवाय व्यावसायिक ठोक एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांच्या यंत्रणेवर पाठवणाऱ्याची नोंद) आणि निरोपाच्या मजकुराची आधी मंजुरी लागते. दोनशे माणसांसाठी एवढा खटाटोप करण्याऐवजी दोनशे फोन करा.

नंबर घेताना तो कशासाठी घेतला हे सांगा आणि तेवढ्यासाठीच वापरा. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवर उभा आहे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणं सोपं हवं. वहीच्या प्रत्येक पानावर एक ओळ छापून घ्या: ‘हा नंबर फक्त गाडीबद्दल कळवण्यासाठी. बंद असं लिहून पाठवा, नाव काढून टाकू.’ आणि खरोखर काढा.

फेसबुकच्या जाहिरातींवर फार लिहिण्यासारखं नाही. फैजपूरभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ टाकून दिवसाला दोन-तीनशे रुपये लावले तरी चर्चा होते. फक्त तिथला तयार फॉर्म नंबर आपोआप भरतो, त्यामुळे बोट चुकून लागलेलेही यादीत येतात. ‘गाव’ आणि ‘किती एकर केळी’ हे दोन प्रश्न हाताने टाईप करायला लावा. नावं कमी होतील, कामाची राहतील. मे-जूनमध्ये वादळाने बागा आडव्या झाल्याची बातमी आली की जाहिरात त्याच तासाला बंद करा. नुकसानीच्या फोटोंमध्ये तुमची हसरी जाहिरात दिसली तर ती चीड वर्षभर पुरते.

कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर पत्रकांचा गठ्ठा ठेवू नये. गिऱ्हाईक विचारतो, दुकानदाराला सांगता येत नाही, त्याला ओशाळं वाटतं आणि पत्रकं गल्ल्याखाली जातात. त्याऐवजी दुकानदाराला पहिल्या प्रात्यक्षिकाला बोलवा. नंबरामागे पैसे देऊ नका, मेव्हण्या-साडूंचे नंबर येतात. त्याने पाठवलेला माणूस प्रात्यक्षिकाला प्रत्यक्ष आला तरच काय ते द्या.

पैसे घ्यायचे का

घ्यायचे, पण थोडे, परत करण्याजोगे आणि उशिरा. सांगाडा चालून झाल्यावर, किंमत शंभर-दोनशेच्या नाही तरी पाच-सात हजारांच्या फरकात सांगता येऊ लागल्यावर.

टाटा नॅनोची नोंदणी एप्रिल २००९ मध्ये झाली. २ लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्या कुणाला मिळणार हे सोडत काढून ठरवावं लागलं. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला हललेला कारखाना तेव्हा तयार नव्हता. उत्सुकता होती, पण ती पुरी करायची क्षमता नव्हती. ओलाच्या विजेवरच्या स्कूटरची नोंदणी जुलै २०२१ मध्ये ४९९ रुपयांत सुरू झाली. पहिल्या २४ तासांत एक लाख नोंदण्या झाल्याचं कंपनीने सांगितलं आणि गाड्या लोकांच्या हाती पडायला डिसेंबर उजाडला. ४९९ रुपये म्हणजे रांगेतली जागा. तेवढ्यावरून खरेदीचा निर्णय झाला असं धरता येत नाही.

आपल्या गाडीची किंमत समजा ८५ हजारांच्या आसपास जाणार असेल, तर ५०० रुपयांनी फारसं सिद्ध होत नाही, पण २,००० रुपये देताना माणूस घरी विचारतो. घरी विचारलं गेलं की उत्तर खरं मिळतं. नोंदण्या मात्र पहिल्या खेपेत जेवढ्या गाड्या बनवू शकता त्याच्या दीडपटीवर थांबवा. दहा गाड्यांची ताकद असेल तर पंधरा नोंदण्या. सोळाव्याला ‘यादीत नाव आहे, पैसे आत्ता नको’ म्हणा. हा नकार गावात स्वतःच जाहिरातीचं काम करतो.

रक्कम यूपीआयने सरळ व्यवसायाच्या खात्यात घ्या, रोख नको. पेमेंट गेटवेतून घेतली तर रक्कम परत करताना त्याचं कमिशन बहुधा परत मिळत नाही आणि दर रद्द नोंदणीमागे पदरचे पैसे जातात. खातं वेगळं ठेवा आणि त्यातून वेल्डरचं बिल देऊ नका. हा पैसा तुमचा नाही. पावतीवर चार गोष्टी हव्यात: रक्कम कशापोटी, गाडी अंदाजे कोणत्या महिन्यात, न आल्यास किती दिवसांत परत, आणि नाव दुसऱ्याला देता येईल का.

कायद्याच्या दोन बाजू माहीत असाव्यात. मालापोटी घेतलेल्या आगाऊ रकमेवर, कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची ठोक दराने कर भरायची सोय) नसाल तर, नोव्हेंबर २०१७ पासून ती घेताना जीएसटी लागत नाही, बिल करताना लागतो. सेवेपोटी घेतली तर मात्र घेतानाच लागतो. म्हणजे गाडी विकणार असाल तर एक हिशेब, भाड्याने फिरवणार असाल तर दुसरा. आणि धंदा कंपनी म्हणून नोंदवला असेल तर मालापोटीची आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालात वळती व्हावी लागते, नाहीतर ती ‘ठेव’ ठरण्याचा धोका असतो आणि ठेवींचे नियम फार कडक आहेत. ‘पुढच्या दिवाळीला नक्की’ असं म्हणत पैसे अडकवून ठेवणं एवढ्यासाठीही धोक्याचं.

प्रात्यक्षिक रंगलं की कुणीतरी नाना किंवा अप्पा बाजूला घेऊन म्हणतात, ‘दोन लाख देतो, आम्हालेबी भागीदार कर.’ ही खरी शाबासकी असते, पण तिला व्हॉट्सॲपवर उत्तर देऊ नका. खासगी कंपनीला जाहीरपणे भांडवल मागता येत नाही. ठरावीक, आधी निश्चित केलेल्या लोकांनाच प्रस्ताव देता येतो, तोही वर्षात २०० च्या वर नाही आणि जाहिरात करून तर नाहीच. यादीवर ‘गुंतवणुकीची संधी’ असा एक निरोप गेला तरी ते प्रकरण अंगाशी येऊ शकतं. सीएकडे जा, मग बोला.

‘सबसिडी आहे का?’

हा प्रश्न शंभर टक्के येतो, बहुधा किमतीच्याही आधी. आणि इथे ‘येईल लवकरच’ म्हणालात की मागणी जागच्या जागी गोठते. ५० टक्के अनुदानाची वाट पाहणारा माणूस तोवर पूर्ण पैसे देत नाही, आणि शेजाऱ्यालाही देऊ देत नाही. यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी यंत्राची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते, आणि न बनलेल्या यंत्राची चाचणी होत नाही. म्हणून उत्तर एकच ठेवा: ‘आज अनुदान नाही, ते धरून हिशेब करू नका.’ आणि त्या हिशेबात गाडी परवडत नसेल तर किंमत किंवा गाडी बदला.

पालचं कृषी विज्ञान केंद्र, जळगावचं केळी संशोधन केंद्र अशा ठिकाणी सांगाडा दाखवून मत घेणं चांगलंच. तज्ज्ञ पाच मिनिटांत अशी खोट काढतात जी शिवारात दोन महिने दिसत नाही. पण तिथे उभं राहून काढलेल्या फोटोखाली ‘शिफारस’ असं लिहू नये. भेट झाली, एवढंच लिहावं.

मधले महिने

नोंदणी आणि गाडी यांच्यामधला काळ सगळ्यात जास्त बिघडतो, कारण सांगण्यासारखं काही नाही असं वाटून बोलणंच थांबतं. दर पंधरा दिवसांनी एक निरोप: एक फोटो, एक मोजलेला आकडा, आणि जे लांबलं असेल ते. ‘कंट्रोलर यायला तीन आठवडे उशीर आहे, त्यामुळे आधी सांगितलेला महिना एकाने पुढे गेला.’ लोक उशीर समजून घेतात, कारण कापसाचा चुकारा आणि विहिरीची वीज यांची त्यांना सवय आहे. उशीर दुसऱ्याकडून कळला तर मात्र गावात नाव खराब होतं.

वर्तमानपत्रात बातमी या काळात देऊ नये. ती प्रात्यक्षिकानंतर, आकडे हातात असताना द्यावी, आणि छापून येण्याच्या दिवसापासून दोन-तीन दिवस फोनवर एक माणूस फक्त त्याच कामाला बसवावा. शेतीविषयक लेखाखाली संपर्काचा नंबर छापतात, तेव्हा फोन सकाळी सहापासून सुरू होतात आणि सोलापूर-नांदेडहूनही येतात. ते वेगळ्या यादीत जावेत. पहिल्या दहा गाड्या तिकडे पाठवल्या तर दुरुस्तीला जाण्यातच वर्ष संपेल. यूट्यूबवाल्याला पैसे किंवा फुकट गाडी देऊन व्हिडिओ करून घेतला, तर तो सशुल्क आहे असं त्यात दिसलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचा तसा दंडक २०२१ पासून आहे.

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा किंवा मुक्ताईनगरची गर्दी पाहून तिथे स्टॉल टाकायची हौस येते. माणसं हजारोंनी येतात, पण लांबलांबची, आणि आपल्या दहा-बारा गावांतली फार थोडी. नाव गाजवायचं असेल तर जरूर जा. यादी वाढवायला मात्र दूध डेअरीवरची सकाळची रांग जास्त कामाची.

सुरुवातीलाच एक तारीख आणि एक आकडा कागदावर लिहून भागीदारांच्या सह्या घ्या. उदाहरणार्थ, चार महिन्यांत २०० नंबर, ४० प्रात्यक्षिकं पाहिलेले लोक, १० जणांनी वापरायला दिलेल्या सऱ्या आणि ८ आगाऊ नोंदण्या. प्रत्येक पायरीवर किती गळती होते ते पाहा. लोक प्रात्यक्षिकाला येतात पण सरी देत नाहीत, तर भीती नळ्यांची किंवा डागांची आहे. सरी देतात पण पैसे देत नाहीत, तर किंमत जास्त आहे किंवा पैसे देणारा माणूस वेगळाच आहे. नंबरच मिळत नसतील तर अडचण लोकांना तुम्हाला वाटते तेवढी बोचत नाही. तारीख आली आणि नोंदण्या तीनच असतील तर मुदत वाढवू नका. सात दिवसांत तिघांचे पैसे परत करा, यादीतल्या सगळ्यांना का थांबलो ते दोन ओळींत कळवा, यादी कुणाला विकू किंवा ‘वापरायला’ देऊ नका, आणि ते सिम आणखी सहा महिने रिचार्ज करत राहा, कारण कुणाचा तरी फोन पुढच्या काढणीला येतोच.